महिला तुरुंगावरच्या मालिकेबद्दल लिहिताय? या चुका टाळा

'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' ही महिला तुरुंगावरची नेटफ्लिक्सची अमेरिकी मालिका २०१९ मध्ये संपली, पण तिच्यावरचे लेख माझ्याकडे अजून येतात. कधी कुणाचा महाविद्यालयातला प्रकल्प असतो, कधी दिवाळी अंकासाठीचा मजकूर. विषय बहुतेकदा एकच: समीक्षकांनी या मालिकेचं स्वागत कसं केलं. चुकाही त्याच त्या. दर वेळी समासात तेच लिहून मी थकले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

टक्के म्हणजे गुण नव्हेत

लेख उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'रॉटन टोमॅटोजवर नव्वदहून अधिक टक्के मिळवणारी ही मालिका' असं वाक्य हजर असतं. निकालपत्राची सवय आपल्या हाडीमाशी इतकी भिनली आहे की टक्के दिसले की आपल्याला गुणच वाटतात. पण रॉटन टोमॅटोज हे परीक्षणं गोळा करणारं संकेतस्थळ आहे आणि किती समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच तो आकडा सांगतो. दहाही जणांनी 'बरी आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तर शंभर टक्के. पाच जणांनी दशकातली सर्वोत्तम मालिका म्हटलं आणि पाच जण कंटाळून उठले, तर पन्नास. या दोन मालिकांपैकी मला विचाराल तर मी दुसरी आधी बघेन. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ सरासरी काढतं, पण तिथेही सगळ्या नियतकालिकांना सारखं वजन नसतं. हे दोन आकडे एका वाक्यात शेजारी बसवून त्यांची तुलना करणारा लेख मी परत पाठवते.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. पहिल्या सीझनवर जवळजवळ सगळेच लिहितात. पुढे ज्यांचं मन उडतं, ते त्या मालिकेवर लिहिणंच सोडतात, आणि मागे राहतात ते बहुतेक जीव लावून बघणारे. म्हणून २०१७ च्या पाचव्या सीझनचं स्वागत थंड झालं, याला मी जास्त महत्त्व देते. तेरा भागांत तुरुंगातल्या दंगलीचे जेमतेम तीन दिवस दाखवले होते. मधेच प्रहसन, मधेच छळ, असा तो हेलकावे खात होता. तक्रार करणाऱ्यांत आधीचे चार सीझन मनापासून उचलून धरलेले लोक होते. हे आकड्यात दिसत नाही, परीक्षणं वाचावी लागतात. नव्या लेखकांना नेमकं तेवढंच करायचं नसतं. पंधरा मिनिटांत आकडा मिळतो, पंधरा परीक्षणं वाचायला दोन संध्याकाळी जातात. त्या दोन संध्याकाळी द्यायची तयारी नसेल तर हा विषय घेऊ नका, असं मी तोंडावर सांगते.

पुस्तकातली पायपर आणि पडद्यावरची पायपर

पायपर कर्मन ही खरी बाई. अमली पदार्थांच्या व्यवहाराशी जोडलेल्या जुन्या गुन्ह्यात तिला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले तेरा महिने तिने भोगले, बहुतेक काळ कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात. २०१० मध्ये तिचं आत्मकथन आलं, मालिका त्यावर बेतलेली. पायपर चॅपमन हे मालिकेतलं पात्र आहे आणि तिचा लिचफील्ड तुरुंग काल्पनिक. 'चॅपमनने लिहिलेल्या पुस्तकावर' हे वाक्य मला आजवर किती वेळा खोडावं लागलं, त्याची मोजदाद नाही.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे सगळा लेख पायपरवर लिहिणं. मालिकेची निर्माती जेंजी कोहन हिने २०१३ मध्येच एका रेडिओ मुलाखतीत सांगून टाकलं होतं की पायपर हा तिचा 'ट्रोजन हॉर्स' आहे, म्हणजे पोटात सैनिक लपवून शत्रूच्या शहरात नेलेला लाकडी घोडा. कृष्णवर्णीय, लॅटिना, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी घेऊन थेट गेलं तर मालिका कुणी विकत घेणार नाही, गोऱ्या मुलीच्या मागून त्या आत नेता येतात. सुरुवातीची काही परीक्षणं तरीही त्या घोड्याचंच वर्णन करत बसली. दुसऱ्या सीझनपर्यंत बहुतेकांचं लक्ष टेस्टी, पूसे, रेड, सुझॅन या बाकीच्या कैदी बायकांकडे वळलं. स्वागतातला हा बदल हाच खरा लेखाचा विषय होऊ शकतो, आणि तो हातचा सोडला जातो.

विनोदी की गंभीर? आधी वर्ष बघा

'एमी पुरस्कारात मालिका विनोदी विभागात होती' हे वाक्य बरोबर आहे आणि चूकही. २०१४ मध्ये ती विनोदी विभागात होती. पुढच्या वर्षी हे अमेरिकी टीव्ही पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीने नियम केला: अर्ध्या तासाची ती विनोदी, तासाभराची ती नाट्य, वेगळं हवं असेल तर अर्ज करा. या मालिकेचा अर्ज नाकारला गेला आणि २०१५ मध्ये ती नाट्य विभागात गेली. त्यामुळे उझो अडूबाला सुझॅनच्या एकाच भूमिकेसाठी २०१४ मध्ये विनोदी मालिकेतली पाहुणी अभिनेत्री म्हणून आणि २०१५ मध्ये नाट्यमालिकेतली सहायक अभिनेत्री म्हणून एमी मिळालं. तिच्याआधी एकाच पात्रासाठी दोन्हीकडे एमी मिळवणारा एकच जण होता, लू ग्रँट साकारणारा एड ॲस्नर. पडद्यावरच्या कलाकारांची संघटना मात्र मालिकेला विनोदीच मानत राहिली आणि २०१५, २०१६, २०१७ अशी ओळीने तीन वर्षं उत्तम विनोदी चमूचा पुरस्कार तिने याच मालिकेला दिला.

या गोंधळातून समीक्षकांचा एक जुना वाद कळतो: तुरुंगातल्या बाईच्या गोष्टीत हसायची मुभा आहे का? तो वाद लेखात आणा. नुसती पुरस्कारांची यादी नको.

'समीक्षकांनी एकमुखाने' हे शब्द लिहूच नका

ही माझी सगळ्यात दुखरी जागा, म्हणून थोडं लांबण लागेल. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.)

चौथा सीझन जून २०१६ मध्ये आला. बाराव्या भागात जेवणघरात कैदी बायका शांतपणे टेबलांवर उभ्या राहून निषेध करतात, आणि झटापटीत कृष्णवर्णीय पूसे वॉशिंग्टन एका तरुण गोऱ्या रक्षकाच्या वजनाखाली गुदमरून मरते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी गळा आवळल्याने एरिक गार्नर हा कृष्णवर्णीय माणूस गेला होता. तो संदर्भ तिथे कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

भारतात नेटफ्लिक्स त्याच वर्षी जानेवारीत आलेलं होतं. आपल्याकडच्या अनेकांनी तीन सीझन एका दमात संपवले आणि लगेच चौथा बघितला. त्या वेळी मी एका छोट्या वेब-नियतकालिकाचं मालिकांचं सदर सांभाळत होते. एका मुलीने फार मनापासून लेख लिहिला होता. त्यात वाक्य होतं: 'या भागाला समीक्षकांनी एकमुखाने डोक्यावर घेतलं.' मीही तो भाग बघून रडले होते. वाक्य खरं वाटलं, मी ते जाऊ दिलं.

लेख प्रसिद्ध झाला त्याच रात्री अमेरिकेत शिकणाऱ्या एका मराठी मुलीचं लांबलचक पत्र आलं. तिने विचारलं होतं, 'ताई, तुम्ही कुणाकुणाची परीक्षणं वाचलीत?' मी चार वाचली होती, चारही मोठ्या वृत्तपत्रांतली. पुढचे तीन दिवस मी बाकीचं वाचत बसले. अनेक कृष्णवर्णीय समीक्षक आणि प्रेक्षक संतापले होते. मालिकेतल्या सगळ्यात कोवळ्या मनाच्या मुलीचं मरण कशासाठी दाखवलं? गोऱ्या प्रेक्षकाला शिकवण मिळावी म्हणून? मारणाऱ्या पोराला भाबडा, बिचारा दाखवण्यात एवढा वेळ का घालवला? लेखकांच्या चमूचं एक छायाचित्रही फिरत होतं, त्यात एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता. म्हणजे ज्या भागाची वृत्तपत्रांत वाखाणणी चालली होती, त्याच भागामुळे काहींनी मालिका कायमची बंद केली. आणि हे दोन्ही एकाच आठवड्यात.

आम्ही लेखात दुरुस्ती केली, पण पहिल्या रात्री वाचलेल्यांपर्यंत ती पोचली नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. वहीत प्रत्येक परीक्षणासाठी एक ओळ: लिहिणारा कोण, कुठे लिहिलं, तारीख काय, किती भाग बघून लिहिलं. शेवटचा रकाना सर्वात मोलाचा. समीक्षकांना अनेकदा सुरुवातीचे मोजके भाग आधी मिळतात आणि परीक्षण तेवढ्यावर लिहिलं जातं. पूसेचा मृत्यू बाराव्या भागात आहे. सहा भाग बघून लिहिलेली स्तुती त्या मृत्यूच्या खात्यात जमा करता येत नाही. ही वही कंटाळवाणी आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून मी ती करून घेते, आणि दोन जण त्यावरून सोडूनही गेले.

गजाआड, कोठडीत, कच्चे-पक्के

लिचफील्ड हा कमी सुरक्षेचा तुरुंग आहे. तिथल्या बायका कमरेएवढ्या भिंतींच्या खणांत, मोठ्या दालनात झोपतात. गज नाहीत. लेखकाने 'कोठडीच्या गजाआड' लिहिलं की मला कळतं, त्याने मालिका बघितलेली नाही, फक्त पोस्टर बघितलंय. कडक सुरक्षेच्या तुरुंगात गोष्ट सहाव्या सीझनमध्ये जाते. शिक्षा होण्याआधी डांबणं वेगळं, शिक्षा म्हणून डांबणं वेगळं. आपल्याकडे कच्चे कैदी आणि पक्के कैदी असे दोन स्वच्छ शब्द आहेत, ते वापरा.

थोडक्यात आणखी काही

'महिला तुरुंगावरची पहिली मालिका' लिहू नका. ऑस्ट्रेलियात 'प्रिझनर' १९७९ ते १९८६ चालली, तब्बल ६९२ भाग. ब्रिटनमध्ये 'बॅड गर्ल्स' १९९९ पासून होती.

'वेंटवर्थ' ही महिला तुरुंगावरची ऑस्ट्रेलियन मालिका 'ऑरेंज'ची नक्कल नाही. ती १ मे २०१३ ला सुरू झाली, 'ऑरेंज' ११ जुलैला, आणि 'वेंटवर्थ'चं मूळ त्या १९७९ च्या 'प्रिझनर'मध्ये आहे.

'सर्वाधिक पाहिली गेलेली' वगैरे नको. नेटफ्लिक्स त्या काळात सहसा प्रेक्षकसंख्या उघड करत नसे.

मालिकेत सोफिया बर्सेट साकारणाऱ्या लॅव्हर्न कॉक्सबद्दल 'या भूमिकेसाठी एमी जिंकणारी' लिहिलेलं मी तीनदा बघितलं. या भूमिकेसाठी तिला नामांकन मिळालं, अभिनयाच्या विभागात नामांकन मिळालेली ती पहिली उघड ट्रान्सजेंडर कलाकार. तेवढंच पुरेसं मोठं आहे.

भायखळा मधे ओढू नका

पाचवा सीझन ९ जून २०१७ ला आला. रक्षकाच्या हातून कैदी मेली म्हणून बायका पेटून उठतात, असं त्यात आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या महिला कारागृहात एका पक्क्या कैदी बाईचा मृत्यू झाला. अंडी-पाव कमी आल्याच्या तक्रारीवरून मारहाण झाल्याचा आरोप होता. आतल्या बायकांनी उठाव केला, पुढे कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. महिनाभरात माझ्याकडे तीन लेख आले, तिन्हींचा सूर एकच: मालिकेने हे आधीच सांगितलं होतं.

मालिकेने भायखळ्याबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. मालिकेतला राग खासगी कंपनीने चालवायला घेतलेल्या तुरुंगावर आणि अमेरिकेतल्या वंशभेदावर आहे. भायखळ्याचं कारागृह सरकारी आहे आणि तिथल्या बाईचं मरण खरं आहे. समीक्षकांच्या कौतुकाचे दोन परिच्छेद झाल्यावर तिसऱ्यात ते मरण उदाहरण म्हणून येतं, तेव्हा मला ते वाचवत नाही. तिघांपैकी एकीला मी लेख दोन तुकड्यांत फोडायला सांगितलं. मालिकेवरचा तुकडा तिने आठवड्यात दिला. भायखळ्यावरच्या तुकड्यासाठी ती न्यायालयात तारखांना जाऊन बसली, आणि तो यायला आठ महिने लागले. आम्ही तो मालिकांच्या सदरात न घेता पहिल्या पानावर घेतला.