क्लिनिक टाकताय? चेअर घेण्याआधी स्वतःचं माप घ्या

बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, इंटर्नशिप संपवून क्लिनिक टाकायला निघालेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कुठल्या कंपनीची चेअर घेऊ?" मी उलट त्यांची उंची विचारते. पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा मुलगा एकाच चेअरवर सारख्याच सुखाने काम करणार नाहीत, हे ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. कॉलेजच्या ओपीडीत जी चेअर रिकामी ती आपली, त्यामुळे वाकून काम करण्याची सवय तिथेच लागते. स्वतःच्या पैशाने चेअर घेताना तरी ही सवय बाजूला ठेवा.

पूर्वी पेशंट बसायचा आणि डॉक्टर उभा राहायचा. पूर्ण आडवी होणारी चेअर 1958 मध्ये आली आणि मग डॉक्टरला शेजारी बसून, मदतनिसाला समोर घेऊन काम करता आलं. म्हणजे पेशंटला आडवं करायचं ते आपल्याला सरळ बसता यावं म्हणून. चेअर बघताना हेच डोक्यात ठेवायचं.

डीलर चेअर किती वर जाते ते कौतुकाने दाखवतो. ती किती खाली येते आणि बॅकरेस्ट किती जाड आहे, हे आपणच विचारायचं. हिशोब सोपा आहे. मी पाच फूट एक इंच. पाय जमिनीवर टेकवून बसले की सीट साधारण 40 सेंटिमीटरवर येते आणि कोपर 60 च्या आसपास. पेशंटचं तोंड कोपराच्या पातळीला किंवा जरासं वर असावं. पण माझी मांडी बॅकरेस्टखाली जाणार. म्हणजे मांडीची जाडी, वर बॅकरेस्ट, त्यावर पेशंटचं डोकं, हे सगळं कोपरापर्यंतच्या वीसेक सेंटिमीटरमध्ये बसवायचं. ते नीट बसतच नाही. म्हणून बॅकरेस्टची गादी दोन बोटं जाड झाली तरी त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते. शोरूममध्ये मऊ, गुबगुबीत गादी बघून भुलू नका. पेशंट तासभर झोपणार, तुम्हाला मात्र दिवसभर त्या गादीखाली पाय घालून बसायचंय.

इथेच सॅडल स्टूल कामाला येतं. घोड्यावर बसल्यासारखं बसलं की मांड्या खाली उतरतात, बैठक उंच होते आणि कोपरही वर येतं. मांडी-गादीचं भांडण बऱ्यापैकी मिटतं. चेअरबरोबर फुकट येणारं गोल स्टूल मदतनिसालाही देऊ नका. तिला तर तुमच्यापेक्षा चार-पाच इंच उंच बसावं लागतं आणि पाय ठेवायला कडं लागतं.

हेडरेस्ट मात्र सवडीने तपासा. दोन सांध्यांचं हवं, एका हाताने सुटणारं आणि घट्ट बसणारं. वरच्या दाढा बघताना हनुवटी वर जायला हवी, खालच्या दाढांना खाली. ते होत नसेल तर पेशंटऐवजी आपली मान वाकते. आमच्याकडे कराडला आसपासच्या गावांतून आज्या येतात. अंबाडा घातलेला असतो. सपाट हेडरेस्टवर डोकं टेकतच नाही, मग बिचारी मान उचलून धरते आणि दोन मिनिटांत थरथरायला लागते. अंबाडा सोडायला सांगणं मला प्रशस्त वाटत नाही. हेडरेस्ट सरकवून मानेखाली घेता आलं की काम होतं. पाठीला बाक आलेल्या आजोबांना पूर्ण आडवं करताच येत नाही. लहान मुलांचं डोकं तर हेडरेस्टपर्यंत पोचतच नाही. म्हणून डेमोला गुळगुळीत केसांचा सेल्समन झोपवू नका.

अवजारांचा ट्रे वरून येणारा की बाजूचा, नळ्या लोंबत्या की वरून परतणाऱ्या, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, उचलताना नजर तोंडावरून हटू नये आणि नळीने मनगट ओढू नये, एवढं जमलं की पुरे. डावखुऱ्यांनी मात्र दोन्ही बाजूंना फिरणारं युनिट मागून घ्यावं. तोंडावर पडणाऱ्या लाइटला कंपोझिट, म्हणजे दातात भरायचं प्रकाशाने घट्ट होणारं सिमेंट, लवकर घट्ट होऊ न देणारा पिवळा मोड असावा.

चेअर बघायला जाताना मदतनिसाला बरोबर न्या. लूप्स, म्हणजे भिंगाचा चष्मा, वापरत असाल तर तेही घाला. कुणाला तरी झोपवून अर्धा तास खरोखर काम केल्यासारखं बसा. पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी आणि डोक्यामागे बारा वाजलेत असं धरून नऊच्या काट्यापासून बाराच्या काट्यापर्यंत स्टूल सरकवून बघा. गुडघा कुठे आपटतो, फूट कंट्रोल कुठे अडतं, ते कळतं. डीलर कंटाळेल, चहा मागवेल. कंटाळू द्या.

गाळा छोटा असेल तर चेअर पूर्ण आडवी झाल्यावर डोक्यामागे तुमचं स्टूल फिरायला जागा उरते का, हे फरशीवर खडूने आखून बघा. जागा नसेल तर बाराच्या काट्यावर बसणं कायमचं संपलं. पाणी, ड्रेनेज, हवा आणि विजेच्या लाइनी चेअरच्या बेसखाली जिथे वर येतात, ती जागा फरशी बसण्याआधीच ठरवावी लागते. चेअर भिंतीकडे सरकली की मदतनिसाची बाजू जाते. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने बारीक नळ्या तुंबतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरची वेगळी बाटली असलेलंच युनिट घ्या.

ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनवर चारच गोष्टी लिहून घ्या: सीटची सर्वांत खालची उंची, बॅकरेस्टची जाडी, हेडरेस्टचा प्रकार आणि बिघाड झाला तर इंजिनिअर किती दिवसांत तुमच्या गावात येणार. पहिल्या दोन गोष्टी टेपने मोजल्यावरच आकडा लिहू द्या.