संचारबंदी लागण्याआधी: घर, इमारत आणि गल्लीची तयारी

शहरात दंगल उसळली की गोष्टी साधारण एकाच क्रमाने बंद पडतात. आधी दुकानांची शटर खाली येतात, मग रिक्षा आणि बस रस्त्यावरून गायब होतात, त्यानंतर मोबाइलचं इंटरनेट जातं आणि पाठोपाठ जमावबंदी किंवा संचारबंदीचा हुकूम निघतो. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये संचारबंदीबरोबर इंटरनेटही बंद होतं. नागपुरात मार्च २०२५ मध्ये काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत लागलेली संचारबंदी पूर्ण उठायला जवळजवळ आठवडा लागला. म्हणून तयारीचं माप सात दिवसांचं धरा. घरातल्या प्रत्येकाला सात दिवस उंबरठा न ओलांडता राहता आलं पाहिजे. काठ्या, तलवारी, गच्चीवर विटांचा ढीग हे या तयारीत बसत नाही. त्याने कुणी वाचत नाही, उलट झडतीत सापडलं की अख्खी इमारत आरोपी होते.

दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्या. जमावबंदीत पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमायला मनाई असते, एकट्याने दूध आणायला जाता येतं. संचारबंदीत घराबाहेर पडायलाच मनाई असते. १ जुलै २०२४ पासून हे हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, लोकांच्या तोंडी अजून जुनं ‘१४४’च आहे. हुकूम बहुतेक वेळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीप्रमाणे असतो. आपलं घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं, मुलांची शाळा कोणत्या, दवाखाना कोणत्या, हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. रस्त्याच्या या बाजूला मोकळीक आणि त्या बाजूला बंदी असं सर्रास होतं.

पाणी

माणशी रोज पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला आणि सगळं धरून वीस लिटर लागतं. चौघांच्या घराला सात दिवसांचं पिण्याचं पाणी झालं १४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात कॅन किंवा झाकणाची टाकी. वापरायचं पाणी ड्रम आणि बादल्यांत. उघडं ठेवलेलं पाणी चौथ्या दिवशी डासांचं होतं, तेव्हा प्रत्येक भांड्याला झाकण किंवा घट्ट बांधलेलं फडकं हवं. पिण्याच्या पाण्यात हात किंवा तांब्या बुडवू नका, ओगराळं वापरा.

इमारतींत गफलत होते ती पंपाची. गच्चीवरची टाकी भरलेली दिसते म्हणून सगळे निर्धास्त असतात. वीज गेली किंवा पंप चालवणारा माणूस घरीच अडकला की ती टाकी एका दिवसात संपते. पंप सुरू-बंद कसा करायचा, कोणता वॉल्व्ह कोणत्या टाकीचा, हे प्रत्येक विंगमधल्या किमान दोघांना येऊ द्या आणि वॉल्व्हवर ऑइल पेंटने नाव लिहा. गडबडीची पहिली बातमी आली की टाकी काठोकाठ भरून घ्या आणि पाणी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तासच सोडा. आर.ओ. फिल्टर त्या दिवसांत बंद ठेवा, कारण तो जितकं गाळतो त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो आणि विजेवर चालतो. पाणी फडक्याने गाळून घ्या, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, तेवढं पुरतं.

चाळीत आणि वस्तीत अडचण वेगळी असते. नळाची वेळ संचारबंदीत सापडते, सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला असतो. ही गोष्ट पोलीस ठाण्यातल्या बीट अंमलदाराशी, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाशी, आधीच बोलून ठेवावी लागते, ती त्यांच्या ध्यानात आपोआप येत नाही. बायका दोघी-दोघींनी, हातात कळशी-बादली दिसेल अशा जातात हे त्यांना माहीत असलं की वाटेतली अडवणूक कमी होते.

शिधा, गॅस, पैसे

चार मोठ्या माणसांना सात दिवसांसाठी तांदूळ, कणीक, ज्वारी मिळून दहा किलो, डाळी-कडधान्यं दोन किलो, तेल दीड लिटर, साखर-गूळ एक किलो, कांदे आणि बटाटे तीन-तीन किलो पुरतात. अर्धा किलो दूध पावडरीत साधारण चार लिटर दूध होतं. शिवाय गॅस न पेटवता खाता येईल असं काही हवं: फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे, सातूचं पीठ, खजूर. हा साठा वेगळा पेटीत बंद करून ठेवलात तर सहा महिन्यांनी किडे निघतील. रोजच्या डब्यांतच पातळी वाढवा, जुनं आधी वापरा. बाळाची पावडर, डायपर, सॅनिटरी पॅड यांची यादी पुरुष करतात तेव्हा हमखास राहतात.

गॅस किती उरला हे हलवून कळत नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘टी.डब्ल्यू.’ आणि पुढे आकडा असतो, ते रिकाम्या सिलिंडरचं वजन. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, तो आकडा वजा करा. भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो आणि चौघांचं घर रोज तीनशे ते चारशे ग्रॅम जाळतं. तीन किलो उरला असेल तर आठवडा निघतो. त्याहून कमी असेल तर दुसरा सिलिंडर आजच मागवून घ्या.

इंटरनेट गेलं की फोनवरून पैसे देणं थांबतं आणि एटीएममध्ये रोकड भरायला गाडी येत नाही. चार-पाच हजार रुपये दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत घरात ठेवा. पाचशेची नोट त्या दिवसांत भाजीवाला मोडून देत नाही. फोन नंबर वहीत उतरवा: नातेवाईक, डॉक्टर, औषधवाला, ठाण्याचा लँडलाइन, सोसायटीचे पदाधिकारी. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात, म्हणजे एक-दीड वेळा चार्ज. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात असू द्या, आकाशवाणीच्या बातम्यांना इंटरनेट लागत नाही.

आजारी माणसं

या दिवसांत आजारी माणसांचे हाल सर्वांत जास्त होतात, म्हणून ही तयारी घाईत उरकू नका. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, दमा यांची औषधं कायम पंधरा दिवस पुढे असू द्या. फिटच्या गोळ्या अचानक थांबल्या तर दोन दिवसांतही झटका येऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स ठेवा, एक घरात आणि एक खिशात. नाकाबंदीवर पोलीस तीच बघतात.

वापरात असलेलं इन्सुलिन उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे टिकतं. वीज गेली तर शिल्लक कुप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छोट्या मडक्यात ठेवा. ते मडकं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात बसवा आणि वर ओलं फडकं टाका. थेट बर्फावर ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. डायलिसिसचा रुग्ण असेल तर वातावरण तापताना केंद्राला फोन करून पुढची फेरी आधी घेता येते का विचारा. पाणी आणि फळं किती कमी करायची हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नववा महिना लागलेल्या बाईला दवाखान्याच्या जवळच्या नातेवाइकांकडे आधीच हलवा. मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर एकट्या नवऱ्याने स्कूटरवर नेऊ नये. १०८ ला फोन करावा आणि ठाण्यालाही कळवावं, म्हणजे वाट मोकळी करून मिळते.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. बघायला उचललं की गोठू लागलेलं रक्त सुटतं. काच आत रुतली असेल तर ओढू नका, कडेने दाबा. अश्रुधूर घरात शिरला तर खिडक्या लावा, दाराच्या फटीला ओला टॉवेल ठेवा आणि कूलर बंद करा, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. डोळे चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा, लेन्स असतील तर काढा, कपडे बदला.

आग, गेट, जिना

रस्त्यावर लावलेल्या दुचाकी पहिल्यांदा पेटतात. म्हणून लोक त्या आत आणतात आणि जिन्याखाली दाटीने लावतात. ही चूक जिवावर बेतते. पार्किंगमधली एक मोटरसायकल पेटली की जिना धुराड्यासारखा धूर वर खेचतो. गाड्या कंपाऊंडच्या आत, पण जिन्यापासून आणि मीटरच्या खोलीपासून लांब लावा. प्रत्येक जिन्यापाशी सहा किलोचा ए.बी.सी. पावडरचा अग्निशामक, दोन बादल्या वाळू आणि भिजवलेली गोणपाटं ठेवा. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्टीत आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा. पिन ओढायची, दोन मीटरवर उभं राहायचं, तोटी ज्वाळेच्या मुळाशी धरायची आणि आडवी फिरवायची. पावडर पंधरा-वीस सेकंदांतच संपते, दुरून उडवली तर सगळी हवेत जाते.

जिन्यात धूर असेल तर खाली पळू नका. घरात परत या, दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा आणि उलट्या बाजूच्या गॅलरीत उभं राहून हाक मारा. खिडक्यांना पेटीसारख्या लोखंडी जाळ्या असतील तर एका जाळीत कुलपाचं दार कापून घ्या आणि किल्ली तिथेच दोरीने बांधून ठेवा. ती कपाटात ठेवली तर अंधारात सापडत नाही.

बाहेरचे दिवे चालू, रस्त्याकडच्या खोलीतले बंद, जाड पडदे ओढलेले. पलंग खिडकीपासून हलवा. गॅलरीतून व्हिडिओ काढू नका. खालून दगड मारणाऱ्याला आणि पोलिसांनाही तिथे फक्त कुणीतरी हात उचललेलं दिसतं. गच्चीवर दुरुस्तीच्या उरलेल्या विटा, फरशा, बाटल्या असतील तर आजच उचला.

रात्रगस्त घालायची असेल तर गेटच्या आत, दोघा-दोघांची, शिट्टी आणि टॉर्च घेऊन. पंधरा पोरं काठ्या घेऊन नाक्यावर बसली की ती जमावबंदी मोडतात. समोरच्या गल्लीला ती हल्लेखोरांची टोळी वाटते आणि तिकडेही पंधरा जण बाहेर येतात. कित्येक ठिकाणी पहिला दगड असाच पडतो. वॉचमनच्या जेवणाची पाळी ठरवा, तो सात दिवस तुमच्याच दारात अडकलेला असतो. घरकामाला येणाऱ्या बाईंचं हातावर पोट असतं, त्यांच्या घरी आठवड्याचा शिधा आधीच पोचवा, पगारातून कापून घेऊ नका.

अफवा

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. दंगलीच्या दिवसांत फिरणाऱ्या अफवा त्याच जातीच्या असतात: टाकीत विष घातलंय, दुधात काहीतरी आहे, ट्रक भरून माणसं येतायत.

प्रत्येक इमारतीत एक वही आणि दोन माणसं ठेवा. शक्यतो एक बाई आणि एक वयस्कर गृहस्थ. बातमी आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे: कोणती गल्ली? किती वाजता? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ते कुणी? उत्तरं वेळेसकट लिहायची आणि त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा. ‘माझ्या मेव्हण्याच्या मित्राने’ असं उत्तर आलं तर बातमी तिथेच थांबवायची, पुढे पाठवायची नाही. खरी निघाली तर ११२ ला कळवायचं.

त्या गल्लीत फोन लावायला माणूस असला पाहिजे, आणि तो दुसऱ्या धर्माचा असला पाहिजे. ही ओळख शांततेच्या काळातच होते. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं महिनोन्‌महिने नळ, गटार, भांडणं अशा बारीकसारीक प्रश्नांवर एकत्र बसत राहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसं मेली, भिवंडी शांत राहिली. आजच जा, समोरच्या मोहल्ल्यातल्या किंवा आळीतल्या दोन घरांचे नंबर घ्या आणि तुमचे द्या.

रस्त्यात सापडलात तर

जमावाबरोबर पळू नका आणि त्याला कापून आडवे जाऊ नका. कडेने सरकत दवाखाना, बँक, उघडं दुकान गाठा. गर्दीत चेंगरत असाल तर दोन्ही कोपर छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. गाडीत असाल तर लांबूनच वळवा, हॉर्न वाजवू नका. मुलांना शाळेतून कोण आणणार, त्याला जमलं नाही तर दुसरं कोण, हे शाळेला लेखी द्या. आईबाप दोघंही एकाच वेळी दोन दिशांनी निघाले की दोघंही अडकतात.

संचारबंदी दोन-तीन तास शिथिल होते तेव्हा सगळं शहर एकदम बाहेर येतं. घरातून एकानेच जावं, ओळखपत्र आणि लिहिलेली यादी घेऊन. आधी औषधं, मग दूध, मग भाजी. वेळ संपायच्या अर्धा तास आधी घरात.

नंतर

जळलेली गाडी किंवा फुटलेलं दुकान आवरायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, फिर्याद द्या, पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. विमा कंपनीला लगेच कळवा. मोटारीची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग घेतलेला असेल तर त्यात दंगल धरलेली असते. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही दंगलीचं नुकसान येतं. दुकानदारांनी मालाची बिलं आणि साठ्याच्या वहीची प्रत दुकानात न ठेवता घरी ठेवावी, कारण दुकानाबरोबर पुरावाही जळतो.