त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये जास्त चॅनेल: छोट्या हेडएन्डसाठी (केबलवाल्याच्या प्रक्षेपण केंद्रासाठी)

आपल्या डिजिटल केबलमध्ये डीव्हीबी-सी हे प्रसारणाचं मानक चालतं आणि एका फ्रिक्वेन्सीला ८ मेगाहर्ट्झची जागा मिळते. सिम्बॉल रेट सेकंदाला ६८७५ किलोसिम्बॉल ठेवला तर ६४ क्वामवर (क्वाम म्हणजे सिग्नलवर बिट चढवण्याची पद्धत; आकडा मोठा तितके बिट जास्त) तिथून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात, २५६ क्वामवर सुमारे ५०.७. जागा कमी पडली की हात आधी क्वाम ठरवणाऱ्या मॉड्युलेटरकडे जातो. तो हात आवरा, कारण क्वाम बदलणं हा शेवटचा टप्पा आहे.

सुरुवात मक्सपासून, म्हणजे अनेक चॅनेल एका प्रवाहात गुंफणाऱ्या यंत्रापासून करा. अ‍ॅनालायझरवर पीआयडी (पॅकेटचा ओळख क्रमांक) ८१९१ किती जागा खातोय ते पाहा. ही नल पॅकेट्स, नुसती भर. प्रत्येक एसडी (साध्या, एचडी नसलेल्या) चॅनेलला एमपेग-२ मध्ये (चित्र दाबून लहान करण्याची जुनी पद्धत) ठरीव ३.५ मेगाबिट दिले तर एका फ्रिक्वेन्सीत दहाच चॅनेल बसतात, आणि स्टुडिओत दोन माणसं शांत बोलत बसली असली तरी त्या चॅनेलचे ३.५ काही सुटत नाहीत. एच.२६४ या नंतरच्या पद्धतीवर तेच चित्र दीड ते दोन मेगाबिटमध्ये नीट दिसतं. मात्र जुने, फक्त एमपेग-२ समजणारे सेट-टॉप बॉक्स अजून कोणाकडे आहेत त्याची यादी आधी काढा. त्या घरांत आवाज येईल, चित्र येणार नाही.

मग स्टॅटमक्स चालू करा. यात सगळ्या एन्कोडरचा (चित्र दाबणाऱ्या यंत्रांचा) एक गट होतो आणि ज्याला त्या क्षणी गरज आहे त्याला बिट मिळतात. एसडीसाठी किमान ०.८ आणि कमाल ४ मेगाबिट ही सुरुवातीला चांगली मर्यादा आहे. गट बनवताना मात्र डोकं लावा. सगळे क्रीडा चॅनेल एकाच फ्रिक्वेन्सीत घातले तर सामन्यांच्या दिवशी सगळे एकदम बिट मागतात आणि मैदानावरचं गवत चिखलासारखं दिसतं. एका गटात क्रीडा एक-दोनच ठेवा, सोबत मालिका आणि भक्तीचे चॅनेल द्या. बातम्यांच्या चॅनेलना किमान मर्यादा थोडी जास्त लागते, कारण खाली धावणाऱ्या पट्टीची अक्षरं सगळ्यांत आधी फाटतात. हिशोबात आवाज विसरू नका: प्रत्येकी १२८ किलोबिट धरले तरी वीस चॅनेलचे अडीच मेगाबिट होतात. टेबल्स (बॉक्सला चॅनेलची माहिती देणाऱ्या याद्या) आणि बॉक्सच्या परवानगीचे संदेश यांसाठी आणखी एक-दीड मेगाबिट मोकळे ठेवा.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तरच २५६ क्वाम. त्याला ६४ पेक्षा सुमारे ६ डीबी स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून मोजमाप हेडएन्डवर न करता शेवटच्या घरात, बॉक्सच्या तोंडाशी करा. एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचं माप) ३४ डीबीच्या वर आणि लेव्हल ६० डीबीमायक्रोव्होल्टच्या आसपास हवी. ६४ क्वाम २८ वरही चालून जातं, त्यामुळे लाइनमधले दोष इतकी वर्षं झाकलेले असतात.

मीटरवरचं कॉन्स्टेलेशन, म्हणजे सिग्नलच्या ठिपक्यांचं चित्र, दोष सांगतं. सगळे ठिपके सारखेच फुगलेले असतील तर गोंगाट जास्त: नोडवर (फायबर संपून केबल सुरू होते तिथे) प्रकाश कमी पोहोचतोय किंवा अ‍ॅम्प्लिफायरला इनपुट कमी मिळतोय. कोपरे आत दबलेले असतील तर अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड झालाय, आउटपुट उतरवा. ठिपक्यांच्या जागी कडी दिसली तर बाहेरचा सिग्नल शिरतोय. ७०० मेगाहर्ट्झच्या वर मोबाइल टॉवरचा संशय आधी घ्या आणि सैल एफ कनेक्टर शोधा. गच्चीवर तारा पिळून, टेप गुंडाळून केलेले जोड कापून टाका, कॉम्प्रेशन कनेक्टर लावा. टॅपच्या (घरांना जोडणी वाटणाऱ्या डबीच्या) मोकळ्या तोंडांना ७५ ओहमचे टर्मिनेटर लावा, नाहीतर सिग्नल उलटा फिरतो. ५५० मेगाहर्ट्झला आरजी-६ केबल शंभर मीटरमध्ये सुमारे १६ डीबी खाते, आरजी-११ दहा-साडेदहा. लांब पल्ल्याला आरजी-६ ओढणं म्हणजे २५६ क्वामला लागणारे ते ६ डीबी तिथेच बुडवणं.

बदल रात्री करा, एकाच फ्रिक्वेन्सीवर, कमी पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलपासून, आणि दोन-तीन दिवस तक्रारी पाहून पुढची घ्या. मॉड्युलेटर बदलला की एनआयटी टेबलमध्येही (बॉक्सला फ्रिक्वेन्सींची माहिती देणारी यादी) ६४ चं २५६ करा. हे बहुतेकदा राहून जातं. काही बॉक्स क्वाम स्वतः ओळखून चालत राहतात, म्हणून त्या रात्री सगळं ठीक वाटतं. आठवड्याने कोणी बॉक्स रीसेट करून पुन्हा स्कॅन केला की त्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल गायब होतात आणि लाइनमन विनाकारण खांबावर चढतो.