लाकडी फ्लोअरिंग घेताय? ‘इको-फ्रेंडली’ शब्दावर विसंबण्याआधी या चुका टाळा

गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, नाशिकमधल्या नव्या घरांत निदान एका बेडरूमला तरी लाकडी फ्लोअरिंग हवं असतं. काही जण आवर्जून विचारतात, “हे जंगल तोडून आणलेलं नाही ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानदार खोक्यावर छापलेलं हिरवं पान दाखवतो आणि विषय मिटतो. तो इतक्यात मिटू देऊ नका.

कुठल्याही प्रमाणपत्राला जंगलाचं प्रमाणपत्र समजणं ही सर्रास होणारी चूक. आयएसओ १४००१ हे कारखान्याच्या पर्यावरण व्यवस्थापनाचं असतं, लाकूड कुठलं ते त्यावरून कळत नाही. ई१ हा दर्जा बोर्डातून हवेत सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा. घरात लहान मुलं असतील तर तो जरूर पाहा, पण त्याचा जंगलाशी संबंध नाही. लाकूड नीट राखलेल्या जंगलातून आलंय हे सांगणारी जगभर चालणारी नावं मुख्यतः दोन : १९९३ साली स्थापन झालेली एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) आणि १९९९ पासूनची पीईएफसी (प्रोग्राम फॉर द एन्डोर्समेंट ऑफ फॉरेस्ट सर्टिफिकेशन). केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये भारताची स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना सुरू केली आहे.

भिंतीवरचं सर्टिफिकेट आणि हातातलं बिल

खरी गफलत इथे होते. कंपनीकडे एफएससी प्रमाणपत्र आहे म्हणजे तिचा सगळा माल प्रमाणित, असं नसतं. एकच कंपनी प्रमाणित आणि साधा, दोन्ही माल विकू शकते. म्हणून फ्रेम केलेला कागद पाहून समाधान मानू नका, तुमच्या खोक्यांवरचं लेबल बघा. त्यावर एफएससी-सी आणि पुढे सहा आकडी क्रमांक असतो. तो एफएससीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव, परवाना चालू आहे की स्थगित, आणि तो कोणत्या उत्पादनांसाठी आहे, हे दोन मिनिटांत कळतं. फ्लोअरिंगचा परवानाच नसेल तर त्या लेबलला अर्थ नाही.

लेबलवर ‘१००%’, ‘मिक्स’ किंवा ‘रिसायकल्ड’ लिहिलेलं असतं. मिक्स वाईट नव्हे, पण त्यातलं सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं नसतं, हे माहीत असू द्या.

लेबल लावलेलं बंद खोकं विकणाऱ्या दुकानदाराला स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही. वखारीतून सुट्या फळ्या घेऊन सुताराकडून जमीन करून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. प्रमाणपत्र नसलेल्या हातातून सुटा माल गेला की जंगलापासून तुमच्यापर्यंतची प्रमाणित साखळी तिथेच तुटते, मग मूळ जंगल कितीही चांगलं असो. बिलावर दावा (‘एफएससी १००%’, ‘मिक्स’ वगैरे) आणि प्रमाणपत्राचा क्रमांक, दोन्ही लिहून मागा. “नंतर देतो” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बर्मा टीक आहे साहेब’

हे ऐकून हुरळून जाऊ नका. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने म्यानमारच्या, म्हणजे पूर्वीच्या बर्माच्या, सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. डेकसाठी सुचवली जाणारी इपे आणि कुमारू ही लाकडं नोव्हेंबर २०२४ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. सुरगाणा, पेठ, हरसूलकडचा साग असेल तर वन विभागाचा वाहतूक परवाना पाहा. “शेतातलाच आहे, पावती कशाला?” हे उत्तर चालत नाही. मालकीच्या सागालाही तोडीची परवानगी लागते.

लाकूड प्रमाणित, पण टिकलंच नाही

चार वर्षांत उखडून फेकावी लागणारी जमीन कसली पर्यावरणपूरक? नाशिकची हवा एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत आणि जुलैत दमट. स्लॅबमध्ये ओल असताना फ्लोअरिंग टाकलं की फळ्यांच्या कडा उचलतात. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या टाकल्या तर उन्हाळ्यात फटी पडतात. फळ्या निदान दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवा, स्लॅब आणि लाकूड दोन्हींची ओल मीटरने मोजून घ्या, भिंतीलगत साधारण १० मिमी जागा सोडायला लावा. इंजिनिअर्ड फळीचा (खाली प्लायसारखे थर, वर खरं लाकूड) वरचा थर ३-४ मिमी असेल तर पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या थरावर ते जमत नाही, ओरखडे पडले की फळीच बदलायची.

जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे पाडले जातात, तेव्हा सागाच्या तुळया आणि खांब विकायला निघतात. नवं झाड न तोडता मिळणारं याहून चांगलं लाकूड मला माहीत नाही. फक्त सॉ मिलमध्ये देण्याआधी जुने खिळे काढून घ्या, भुंग्याची छिद्रं तपासा, आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.