डिमेन्शियावरच्या संशोधनाची बातमी कशी वाचावी?

घरात कुणी सत्तरी ओलांडली की फोनवर डिमेन्शियाच्या, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाण्याच्या आजाराच्या, अशा बातम्या येऊन पडायला लागतात. ‘रोज शब्दकोडं सोडवा, डिमेन्शिया दूर ठेवा.’ ‘नव्या औषधाने स्मरणशक्तीची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि बातमीमागे बहुतेक वेळा एखादा खरा अभ्यासही असतो. तरी गोळ्यांची बाटली मागवण्याआधी किंवा आईवडिलांच्या मागे नवा नेम लावण्याआधी दहा मिनिटं काढून ती बातमी नीट तपासावी.

१. प्रयोग कुणावर झाला, ते आधी शोधा

हा तपशील बहुधा बातमीच्या तळाशी असतो. उंदरांवर झाला असेल तर ती बातमी खुशाल सोडून द्या. उंदरांना आपणहून अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, होत नाही. त्यांच्या जनुकांत फेरफार करून मेंदूत अल्झायमरमध्ये साचतं ते अमायलॉइड हे प्रथिन साचेल अशी व्यवस्था केलेली असते. अशा उंदरांना गुण आला म्हणून माणसाला येतोच असं नाही.

२. नुसतं पाहिलं, की करून पाहिलं?

‘अमुक खाणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया कमी आढळला’ असं लिहिलं असेल, तर संशोधकांनी फक्त पाहिलेलं आहे. आपल्या तब्येतीला जपणारे लोक एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बऱ्या करत असतात, मग श्रेय नेमकं कशाला द्यायचं? त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन बघावं लागतं.

पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. त्या घेणाऱ्या बायकांमध्ये डिमेन्शिया कमी दिसतो, असे अभ्यास आधी आले होते. मग ६५ वर्षांपुढच्या साडेचार हजार स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. २००३ साली निकाल लागला, तर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात डिमेन्शियाचा धोका साधारण दुप्पट निघाला. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्कापासून केलेल्या गोळ्यांचीही ७५ वर्षांपुढच्या ३,०६९ लोकांवर मोठी चाचणी झाली. डिमेन्शिया टाळण्यासाठी त्यांचा उपयोग शून्य, हे २००८ सालीच कळलं. गोळ्या अजून खपतातच!

३. आधी काय सुरू झालं, हे विचारा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बातमीत तो जवळपास कधीच नसतो. अल्झायमरचे बदल मेंदूत निदानाच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून चालू असतात. त्या काळात माणूस वरवर ठणठणीत दिसतो, पण नकळत एकेक गोष्ट सोडून देत असतो. नेमका शब्द वेळेवर सुचेना की शब्दकोडं बाजूला पडतं. पत्त्यांच्या डावात आधी काय पडलं ते आठवेना की ‘कंटाळा येतो’ म्हणून डावाला जाणं बंद होतं. पुढे चार-पाच वर्षांनी निदान होतं, आणि अभ्यासात नोंद होते ती अशी, की पत्ते न खेळणाऱ्यांना डिमेन्शिया जास्त होतो.

ब्रिटनमधल्या ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासात दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांची ३५ ते ५५ या वयापासून नोंद ठेवली गेली. सरासरी २७ वर्षांच्या नोंदींवरून २०१७ साली संशोधकांनी व्यायामाचा हिशेब मांडला. मध्यमवयातला व्यायाम आणि पुढचा डिमेन्शिया यांचा संबंध त्यांना सापडला नाही. दिसलं ते हे, की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासूनच कमी होऊ लागली होती. व्यायाम सोडावा असा याचा अर्थ नाही, हृदयासाठी तो हवाच. पण फक्त तीन-चार वर्षं लक्ष ठेवून काढलेल्या निष्कर्षावर विश्वास टाकताना हात आखडता घ्यावा.

४. टक्के दिसले की ‘कशाचे?’ म्हणा

सुरुवातीला सांगितलेल्या बातमीतले ते २७ टक्के लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाचे. चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ रुग्ण होते. आजार मोजायची पद्धत अशी: रुग्णाशी आणि घरच्या माणसाशी बोलून आठवण, दिवस-वेळेचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं-छंद आणि स्वतःची काळजी, अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. जितके जास्त गुण, तितका आजार पुढे गेलेला. दीड वर्षात औषधाच्या गटाचे गुण १.२१ ने वाढले, दुसऱ्या गटाचे १.६६ ने. फरक ०.४५, तोही १८ पैकी. त्याचेच झाले २७ टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण मथळ्यात कुठला येणार ते सांगायला नको.

शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज आढळली. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, तरी हा आकडा नफ्याच्या आकड्याशेजारीच वाचायला हवा.

५. एकूण निकाल आधी, गटाचा नंतर

‘कानाच्या मशीनमुळे बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली’ ही २०२३ ची बातमी. चाचणीत ७० ते ८४ वयाचे, कमी ऐकू येणारे ९७७ लोक होते. सगळे मिळून पाहिले तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. ४८ टक्के दिसले ते मुळातच धोका जास्त असलेल्या छोट्या गटात. आशा वाटावी असा हा धागा आहे, फक्त पक्का म्हणायला पुढच्या चाचण्या लागतील. कमी ऐकू येत असेल तर मशीन लावावंच. समोरचा काय बोलतो ते कळणं हा फायदा काही कमी नाही.

६. पैसा कुणाचा?

हे झटपट उरकतं. कंपनीनेच स्वतःच्या औषधाची चाचणी केली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र बातमीतले सगळे तज्ज्ञ त्याच कंपनीचे असतील तर दुसऱ्या कुणाचं मत सापडतं का ते बघा.

एवढं करूनही बातमी तगली, तर ती डॉक्टरांना दाखवा आणि ‘चाचणीतल्या लोकांसारखी आमची केस आहे का?’ एवढंच विचारा. वय, आजाराचा टप्पा, चालू असलेली औषधं यांवर उत्तर बदलतं. आणि घरातल्या कुणाचं विसरणं अलीकडे वाढलं असेल, तर कुठल्याच बातमीची वाट बघू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या झोपेच्या गोळीचा परिणाम, यांनीही माणूस विसरायला लागतो, आणि यांवर आज उपचार आहेत. तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.