हिवाळी ट्रेकवर जीपीएस घड्याळ आणि कॅमेरा शेवटपर्यंत चालू कसा ठेवावा

उत्तराखंडातलं सांक्री गाव मागे पडलं की केदारकंठा शिखराहून खाली येईपर्यंत प्लग दिसत नाही. तीन-चार दिवस तंबूत मुक्काम आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या बराच खाली. त्यात शिखराची चढाई सुरू होते पहाटे तीनच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत. घड्याळावर वाटेचं रेकॉर्डिंग तेव्हाच हवं असतं आणि सूर्योदयाचे फोटोही तेव्हाच. ‘वीस हजार एमएएचची पॉवर बँक टाक बॅगेत, बास’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कुणी दिला की राग येतो. बँक कितीही मोठी असली तरी ती घड्याळाला चार्ज देईलच याची खात्री नसते. ते का, हे खाली सविस्तर सांगतो.

१. आधी हिशेब, तोही वॅट-अवरमध्ये

पॉवर बँकेवर लिहिलेले १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात. म्हणजे १० अँपिअर-अवर गुणिले ३.७, ३७ वॅट-अवर ऊर्जा. व्होल्टेज वाढवताना आणि केबलमध्ये जे वाया जातं ते वजा करा, हातात साधारण ३० उरतात. मिररलेस कॅमेऱ्याची मोठी बॅटरी १६ वॅट-अवरच्या आसपास असते, फोनची त्याहून थोडी जास्त आणि घड्याळाची जेमतेम एक ते दोन. म्हणजे बँक रिकामी करतो तो फोन. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या घरून भरून न्या आणि घड्याळासाठी ५,००० एमएएचची छोटी वेगळी बँक घ्या. जॅकेटच्या आतल्या खिशात मावेल एवढीच.

२. प्रवास

देहरादूनपर्यंत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँका आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

३. घड्याळाची सेटिंग

झोपेतलं ऑक्सिजन मोजणं, वायफाय, फोनच्या सूचना आणि सतत चालू राहणारा डिस्प्ले बंद करा. मात्र जीपीएसची नोंद मिनिटामिनिटाने घेणारा बचतीचा मोड लावू नका. वळणावळणाच्या चढावर तो सगळी वळणं कापून सरळ रेघा मारतो आणि अंतर कमी दाखवतो. असं रेकॉर्डिंग करण्यापेक्षा न केलेलं बरं.

४. घड्याळ पॉवर बँकेवर चार्ज करणं

सगळा घोळ इथे होतो. केदारकंठ्याच्या वाटेवरच्या जुडा का तालाबच्या मुक्कामी मी १४ टक्क्यांवर असलेलं घड्याळ बँकेला लावलं, चार्जिंगचं चिन्ह आलेलं पाहिलं आणि निर्धास्त झोपलो. पहाटे उठून बघतो तर १७ टक्के आणि बँक बंद. ती बिघडली म्हणून घरी येऊन मी दुसरी घेतली, मग केबलही बदलली. पुढच्या ट्रेकला पुन्हा तेच.

दोष बँकेत नव्हता आणि केबलमध्येही नव्हता. बँकेतलं सर्किट बाहेर किती करंट जातोय ते पाहत असतं. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की काही जोडलेलंच नाही असं समजून बँक स्वतःला बंद करते. फोन एक-दोन अँपिअर सहज ओढतो, घड्याळ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि बॅटरी भरत आली की त्याहूनही कमी. फास्ट चार्जिंगवाली महागडी बँक घेऊन यात काडीचा फरक पडत नाही.

म्हणून बँक घेताना लो-करंट मोड आहे का, एवढंच पाहा. इअरबड आणि घड्याळांसाठी तो दिलेला असतो. बहुतेकदा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून सुरू होतो आणि दिव्याचा रंग किंवा लुकलुकणं बदलतं. काही बँकांत हा मोड दोनेक तासांनी आपोआप सुटतो, तेव्हा माहितीपत्रक वाचा. हा मोड नसेल तर दुसऱ्या पोर्टला हेड टॉर्च किंवा फोन सोबत लावा. एकूण करंट वाढला की बँक सहसा जागी राहते.

आणि रात्री लावून झोपू नका. हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, तरी निम्मे लोक तेच करतात. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर लिथियम आत नीट शिरत नाही, धातूच्या थरासारखं साचतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. कित्येक उपकरणं तर गारठलेली असताना चार्ज घ्यायलाच नकार देतात. दुपारी कॅम्पवर पोहोचलात की ऊन असतं, डायनिंग टेंटमध्ये ऊब असते आणि तुम्ही जागे असता. घड्याळ आणि बँक दोन्ही जॅकेटच्या आत घेऊन तासभर बसा, दर दहा मिनिटांनी टक्के पाहा. ८० टक्के झाले की काढा; शेवटच्या वीस टक्क्यांना विनाकारण वेळ लागतो.

लावण्याआधी घड्याळाच्या मागच्या पिना ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करा. घामाचं मीठ आणि ओल असताना चार्ज केलं तर पिना गंजतात, आणि गंजलेली पिन डोंगरात दुरुस्त होत नाही.

हा सगळा प्रयोग निघण्याआधी घरी एकदा करा. तीच बँक, तीच केबल, १५ टक्क्यांपासून ८० पर्यंत, समोर बसून.

५. कॅमेरा आणि थंडी

थंडीत बॅटरीतला चार्ज कुठे जात नाही, तो फक्त बाहेर पडत नाही. त्यामुळे रिकामी दाखवणारी बॅटरी फेकल्यासारखी बॅगेच्या तळाशी टाकू नका. अंगाशी अर्धा तास ठेवा, पंधरा-वीस फोटो आणखी निघतात. चढताना एक बॅटरी कॅमेऱ्यात, एक आतल्या खिशात, आलटून पालटून.

रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत घ्या, कॅमेरा मात्र बाहेरच राहू द्या. गारठलेला कॅमेरा उबेत आणला की लेन्सच्या आतपर्यंत दव धरतं. तंबूत न्यायचाच असेल तर बाहेरच झिपवाल्या पिशवीत बंद करून मग न्या.

यूएसबीवर चालणारा स्वस्त बॅटरी चार्जर दोन्ही टोकांना सी-पिन असलेल्या केबलवर कधीकधी सुरूच होत नाही. बँकेकडे जुनी चौकोनी पिन असलेली केबल सोबत ठेवा. थेट कॅमेऱ्यातच चार्ज करणार असाल तर तो बंद करून लावा; काही कॅमेऱ्यांना पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त पॉवर देणारा) पोर्टच लागतो, तेही घरीच तपासा.

सोलर पॅनेल सॅकला बांधून नेऊ नका. चालताना ते कधी झाडांच्या सावलीत, कधी सूर्याकडे पाठ करून असतं, आणि हिवाळ्यात दिवसही लहान. त्या वजनात एक जादा बॅटरी येते.

६. परत आल्यावर

बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवून कपाटात ठेवा, आणि एखादी फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जिंगला न लावता ई-कचऱ्यात द्या.