क्रॉमवेल घेतला अन् दोन मिनिटात गॅरेजमध्ये परत? या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ टँक्स या ऑनलाइन रणगाड्यांच्या गेममध्ये टियर सहाचा (सहाव्या पातळीचा) क्रॉमवेल हा ब्रिटिश टँक घेतला की पहिले आठ-दहा दिवस प्रत्येकाचं तेच होते, माझंही झालं. काउंटडाऊन संपला की आर दाबायचा, क्रूझ कंट्रोल (आपोआप पुढे पळणं) फुल, ताशी ६४ किमीचा स्पीड, सगळ्या टीमच्या पुढे, अन् मग एक मिनिट चाळीस सेकंदात टँक फुटून परत गॅरेज. वरून चॅटमध्ये शिव्या. आमच्या धरमपेठच्या ग्रुपमध्ये एक पोट्टा आहे, तो तर म्हणते हा टँकच भंगार आहे. टँक भंगार नाही बे, तू त्याला व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर बाईक पळवतात तसा पळवून राहिला.

पहिली गोष्ट डोक्यात बसव, हा स्पीड पोचायला कमी अन् निघायला जास्त कामाचा आहे. समोरचं चिलखत हलवर (खालच्या धडावर) ६४ मिमी, टर्रेटवर (तोफेच्या फिरत्या डोक्यावर) ७६, म्हणजे टियर आठच्या मॅचमध्ये पडलास तर जवळपास कोणाचीही गोळी आरपार. हल तिरपा करून वाचू असं वाटत असेल तर नाही वाचत भाऊ, ते टायगरवाल्यांचं (जाड चिलखताच्या जर्मन टँकवाल्यांचं) काम. माइन्स मॅपवर मधली टेकडी आधी गाठायला जरूर जा, तिथे स्पीडचा खरा फायदा आहे, पण वर पोचल्यावर नुसतं डोकं काढून बघ, एक गोळी मार, खाली ये. वर उभं राहून निशाणा बारीक व्हायची वाट बघत बसलास की तीन जण तुझ्यावरच निशाणा धरून आहेत हे तुला गॅरेजमध्ये कळते.

आता ही चूक सगळे करतात अन् कोणी सांगतही नाही: क्रॉमवेल लाइट टँक नाही, मीडियम आहे. लाइट टँक पळत असला तरी त्याचा लपण्याचा आकडा तेवढाच राहते, मीडियमचा चालताना कमी होते. म्हणजे प्रोखोरोव्हका मॅपच्या मोकळ्या मैदानात तू झुडपांमधून सुसाट जाऊन राहिला अन् तुला वाटते आपण स्काउटिंग (शत्रू शोधून टीमला दाखवायचं काम) करून राहिलो, तर तू फक्त दिसून राहिला. स्काउटिंग करायचंच असेल तर झुडपामागे थांब, इंजिनाला आराम दे, अन् गोळी मारायची तर झुडपापासून १५ मीटरच्या वर मागे सरकून मार, कारण त्याच्या आत राहून मारली तर झुडपाचा आडोसा जवळपास संपतोच. ५० मीटरच्या आत आलास की झुडूप असो की भिंत, दिसतोसच, अन् ४४५ मीटरच्या पलीकडे कोणी कोणाला स्पॉट करू शकत नाही. हे तीन आकडे पाठ कर, बाकीचं हळूहळू येते.

यालाच जोडून, बायनोक्युलर अन् कॅमो नेट लावून पळणारे लोक. अरे बाप्पा, टँक तीन सेकंद थांबला तरच त्या दोन्ही वस्तू चालू होतात. सतत पळणार असशील तर कोटेड ऑप्टिक्स (नजर लांब करणारी काच) लाव, ते चालतानाही काम करते.

रिव्हर्सचं वेगळंच दुखणं. पुढे घोडा, मागे बैलगाडी. कोपऱ्यावरून तोंड काढलं, समोर दोन टँक दिसले, मग एस (मागे जायचं बटण) दाबून बसले अन् मागे सरकेपर्यंत दोन्ही गोळ्या आत. म्हणून कोपऱ्यावर जाण्याआधीच परतीचा रस्ता बघून ठेव, जमलं तर तोंड निघायच्या दिशेला ठेवून टर्रेट मागे फिरव. खरा क्रॉमवेलही असाच होता, त्यातलं मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिनचाच जमिनीवरचा भाऊ, ६०० हॉर्सपॉवर, पण रिव्हर्स मात्र नावालाच. १३ जून १९४४ ला नॉर्मंडीत विलेर-बोकाजला ब्रिटिशांची क्रॉमवेलची रांग रस्त्यावर थांबली असताना टायगरने फोडली. फास्ट टँक उभा असला की तो फास्ट नसतो.

केव्ही-२ हा मोठ्या तोफेचा रशियन जड टँक दिसला की लोक पळतात नाहीतर समोरून भिडतात, दोन्ही चूक. परवा हिमेल्सडॉर्फ मॅपवर एका घराच्या आड मला तो सापडला, १५२ मिमीची तोफ, एक बसली की माझा खेळ खतम. मी अर्धा टँक बाहेर काढून लगेच आत, त्याने घाईत मारली, भिंतीवर गेली. आता त्याचं रीलोड लांबलचक, मी मनात मोजत सुटलो, एक, दोन, तीन, घराला वळसा घालून सरळ मागे. त्याचा टर्रेट फिरतोय हळू, जत्रेतल्या पाळण्यासारखा, अन् मी मागून साधारण १३५ डॅमेजच्या गोळ्या एकामागून एक. बारापर्यंत मोजलं अन् परत घराच्या आड. इथेच चूक होते, आणखी एकच मारू म्हणून लोक थांबतात. मीही आधी दहादा थांबलो आहे. अन् मागून मारताना महागडी गोल्डची (प्रीमियम) गोळी कशाला पाहिजे, साधी आरामात आत जाते, क्रेडिट वाचव.

मिनिमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) बघत नाही अन् एकटाच दुसऱ्या टोकाला जातो, यावर काय लिहू, बघत जा.

आता गेमबाहेरचं, कारण अर्ध्या नागपूरचं खरं दुखणं मे महिन्यात हे आहे. बाहेर ४५, खोलीत लॅपटॉप तापला की स्वतःच स्पीड कमी करते अन् ऐन मारामारीत एफपीएस (सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं) पडतो. वर डाव्या कोपऱ्यात एफपीएस अन् पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दोन्ही दिसते, आधी तिथे बघ. एफपीएस पडला तर गर्मी: लॅपटॉप खालून उचल, जाळीतली धूळ काढ, ग्राफिक्स कमी कर, अन् कूलरची ओली हवा सरळ त्याच्यावर सोडू नको. एफपीएस ठीक अन् पिंग वाढलेला असेल तर दोष नेटचा. ६४ च्या स्पीडला तू सेकंदाला जवळपास १८ मीटर जातोस, म्हणजे ३०० मिलिसेकंदाचा लॅग आला की पाच मीटरचा घोळ, कोपऱ्याआड आहे असं तुला वाटते अन् सर्व्हरवर तू उघडा असतोस. स्लो टँकमध्ये हे एवढं जाणवतच नाही. मी आठवडाभर नेटवाल्याला फोन करून भांडलो, शेवटी घरच्या वायफायवर बहिणीची सिरियल चालू असायची हे निघालं. आता राऊटरपासून माझ्या खोलीपर्यंत लॅनची वायर दारातून आडवी गेली आहे, अन् पाय अडकला की आई रोज म्हणते, काढ हे लफडं इथून.